हिरव्या झाकणाची बरणी

१

मोठ्या बाई गेल्या तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि त्यांच्या मुठीत बियाणं होतं. ती मूठ उघडायला दोघी लागल्या. बियाणं साफ करण्याच्या त्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली दहा मुकादम म्हणून. निवडता निवडता त्या जमिनीवर बसल्या, "जरा धडधडतंय गं," एवढं म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

वय बावन्न, कामाचे दिवस, दमलेली बाई. हृदय थांबलं म्हणून लोकांनी हळहळ केली आणि विषय तिथेच मिटला असता. पण चार दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. हृदय बेफाम पळवणारं एक उत्तेजक द्रव्य त्या रक्तात सापडलं होतं, आणि तेही थोडंथोडकं नव्हे.

फौजदारांनी औषध खात्यातल्या तपासनीस बाईंना बोलावून घेतलं. बाईंना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. खुर्चीत नीट बसेपर्यंत त्या कुणाचं ऐकत नसत.

"आता सांगा," त्या म्हणाल्या.

"सोपं आहे," फौजदार म्हणाले. "तिथे आठ बायका. रोज दहा वाजता आठही जणी कसलीशी हिरवी पावडर पाण्यातून घ्यायच्या. पाल्याची, तरतरी यावी म्हणून. एकच बरणी, एकच चमचा, एकाच कळशीतलं पाणी. सात जणी ठणठणीत आहेत आणि आठवी गेली. म्हणजे आठवीच्या पेल्यात कुणीतरी वेगळं काही घातलं. पेले कोण भरायचं? तिची धाकटी जाऊ. पेले कुणी धुतले? धाकटीने. आणि त्याच दुपारी बरणी गायब झाली."

"भांडण होतं दोघींचं?"

"आदल्या आठवड्यात कडाक्याचं. 'एक दिवस जिवावर बेतेल तुझ्या,' असं धाकटी ओरडली, ते सगळ्या कारखान्याने ऐकलंय. मयत बाईची मुलगीसुद्धा काकूवरच बोट ठेवते. त्या काकूनेच तिला लहानाची मोठी केली, आणि आता ती तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. तुम्ही मला फक्त विषाचं नाव आणि ते कुठून मिळतं तेवढं लिहून द्या. परवा सकाळी मी तिला ताब्यात घेतो."

तपासनीस बाईंना दोन गोष्टींचा राग होता. एक, जिने. दुसरी, 'सोपं आहे' हे शब्द. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या ज्या प्रकरणाला कुणी सोपं म्हटलं होतं, त्याने त्यांना रडवलं होतं.

"परवाच ना?" त्या उठत म्हणाल्या. "मग मला आजचा आणि उद्याचा दिवस आहे."

२

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला धूळकट पोती येत, दुसऱ्या टोकाला शिवलेल्या स्वच्छ पिशव्या बाहेर पडत. मध्ये पंखे, चाळण्या आणि कानठळ्या.

व्यवस्थापकाला सगळे घाईसाहेब म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं. बोलताना तो एका पायावरून दुसऱ्यावर जायचा.

"पावडर मी आणली नाही, मी प्यायला लावली नाही," त्याने पहिल्याच वाक्यात हात झटकले. "मोठ्या बाईंनीच आणली. हंगामाचे दिवस, बायका पेंगायच्या. काम उरकत होतं, म्हणून मी काही बोललो नाही."

"हजेरीचं पुस्तक दाखवता?"

त्याने नाखुशीने दिलं. बाईंनी महिन्याभराची पानं चाळली. पहिल्या तीन आठवड्यांत लवकर घरी गेलेली एकही नव्हती. चौथ्या आठवड्यात सोमवारी एक होती, बुधवारी दोन, शुक्रवारी तीन. पुढे कारण लिहिलेलं: घाबरल्यासारखं होतंय, हात थरथरतात, उलटी.

"आणि फौजदार म्हणतात सात जणी ठणठणीत," बाई पुटपुटल्या.

चष्मेवाली म्हणून एक होती, तिने मशीनच्या आवाजात बाईंच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "सुरुवातीला नुसता पाला हो. काही म्हणजे काही होईना. मोठ्या बाई म्हणाल्या, झाडपाल्याचं सावकाश लागू पडतं, धीर धरा. आणि पडलं की! चवसुद्धा बदलली. आधी गवत चघळल्यासारखं लागायचं, शेवटच्या दिवसांत कडूजहर. जीभ बधिर व्हायची. आम्ही म्हटलं, अंगात मुरली आता."

"त्या दिवशी काही वेगळं झालं?"

"वेगळं असं नाही. बरणी संपली त्या दिवशी. धाकटीने आम्हाला चमचा चमचा घातला. मोठ्या बाईंचा पेला नेहमी शेवटचा. सगळ्यांना मिळालं का, असं विचारल्याशिवाय त्या स्वतः कशाला हात लावायच्या नाहीत, चहालासुद्धा नाही." चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "आणि काही वाया घालवायच्या नाहीत."

बरणी कुठे असायची ते दाखवायला फिटर आला. त्याला पाना म्हणत. खिशात कायम पाना, आणि बोलणंही तसंच, पिळून पिळून एकेक शब्द.

"इथे," तो म्हणाला.

शेडच्या मधोमध एक मोठं तिरकं टेबल अखंड थरथरत होतं. खालून भोकांतून हवा, वर दाण्यांचा पसरलेला थर. बायका त्याला नाचरं टेबल म्हणत. त्याच्या लोखंडी सांगाड्यावर एक फळी जोडलेली होती आणि फळीवरच्या धुळीत बरणीच्या बुडाचं गोल वर्तुळ अजून दिसत होतं.

"फळी इथे कशाला?"

"पत्र्याची भिंत. खिळा धरत नाही. ओलही असते. इथे कोरडं."

बाईंनी वही काढली, पेन फळीवर ठेवलं आणि वर्तुळाची रुंदी बोटांनी मोजली. चांगली मोठी बरणी. पेन हळूहळू सरकत काठाशी आलं आणि पडलं. पान्याने न बघताच ते झेललं.

"सवय आहे," तो म्हणाला.

"तुम्ही नाही घ्यायचात पावडर?"

"नाही. एकदा घेतली होती, शेवटच्या आठवड्यात. रात्रभर डोळा नाही लागला." पान्याने पेन परत दिलं. "धाकटीने नाही केलं काही. पण हे मी कुणाला सांगणार?"

फळीशेजारच्या ताटलीत एक काळा, लांब दांड्याचा प्लास्टिकचा चमचा पडला होता. बाईंनी तो कागदात गुंडाळला. मग विचारलं, "बरणी कोण घेऊन गेलं, ते पाहिलंत का तुम्ही?"

पान्याने मान खाली घातली. मशीन चालू होती, पण त्याचं उत्तर बाईंना नीट ऐकू आलं.

"धाकटीने. पदराआड."

३

एकाच घराचे दोन भाग. पुढच्या दोन खोल्यांत मोठ्या बाई आणि त्यांची मुलगी, मागच्या खोलीत धाकटी आणि तिचा नवरा. नवरा मालगाडी चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मधलं दार आता पुढच्या बाजूने कडी लावून बंद होतं. धाकटीने त्या दाराकडे पाठ करून स्टूल मांडलं होतं.

"चहा ठेवू?" तिने विचारलं, आणि लगेच, "नको असेल तर राहू दे. हल्ली कुणी घेत नाही माझ्याकडे."

"ठेव की. साखर कमी," बाई म्हणाल्या.

धाकटी पाठमोरी झाली आणि तिने डोळे पुसले. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"भांडण कशावरून झालं गं?"

"त्या पावडरवरूनच. ताईंना झोप लागेना. रात्री उठून भांडी घासायच्या. आधीच रक्तदाब, गोळी घ्यायचा कंटाळा. मी म्हटलं, बंद करा हे. म्हणाल्या, अगं पाल्याने कुणाला काय होतंय? मला राग आला. म्हटलं, एक दिवस जिवावर बेतेल तुझ्या." ती थांबली. "त्यांना 'तुझ्या' म्हटलं मी. कधी म्हटलं नव्हतं."

"तरी भरत होतीस पेले."

"त्या मोठ्या. त्यांनी सांगितलं आणि मी भरले."

"आणि त्या दिवशी?"

"सगळ्यांना चमचा चमचा घातला. तळाशी थोडं चिकटलेलं राहिलं होतं. ताई म्हणाल्या, आण इकडे. बरणीतच पाणी ओतलं, झाकण लावून खळखळ हलवलं आणि पेल्यात ओतून प्यायल्या. तेलाची बाटलीसुद्धा अशीच विसळून घ्यायच्या त्या."

"ही पावडर त्यांना कुणी दिली?"

चहा उतू गेला. धाकटीने घाईने गॅस बंद केला आणि फडक्याने ओटा पुसत राहिली, पुसून झाला तरी.

"नाही माहीत."

"बरणी कुठे आहे?"

"फोडून टाकली."

"कुठे?"

"नाही आठवत."

चहा मात्र फर्मास झाला होता. बाईंनी तो पूर्ण प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. जिने आपल्या हाताने जाऊ मारली ती बाई खोटं बोलली असती तर आधीपासून पाठ करून बोलली असती, असं त्यांच्या मनात आलं. हिचं खोटं आत्ताच, चहा उतू जाताना जन्मलं होतं.

"परवा ते तुला न्यायला येतील," बाई म्हणाल्या. "कळतंय ना?"

"येऊ देत," धाकटी म्हणाली. "मला ना मूल ना बाळ. माझ्यामागे रडायला कोण आहे?"

असं म्हणताना तिची नजर क्षणभर मधल्या बंद दाराकडे गेली. बाईंनी ती नजर हेरली आणि त्या उठून पुढच्या अंगाला गेल्या.

४

मुलगी चोवीस-पंचवीसची. व्यायामशाळेत शिकवायची. अंग कमावलेलं, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि बसल्या जागी तिचा गुडघा सतत हलत होता. आई जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. दुःखाने माणूस असंही बसतं. बाईंनी तेवढ्यापुरतं ते तिथेच सोडलं.

"ती बाई कबूल झाली का?" मुलीने विचारलं.

"कोण?"

"मागची."

"तुझी काकू."

मुलीची बोटं टेबलावर टकटक वाजत होती, आणि आपण ती वाजवतोय हे तिला कळत नव्हतं.

"आई काही औषधं घ्यायची?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही. रक्तदाबाची गोळीसुद्धा टाळायची. मला पोलिसांनीही हेच विचारलं, मी हेच सांगितलं."

"आणि ती हिरव्या झाकणाची बरणी?"

"मी कधी पाहिलीच नाही. ती कारखान्यात असायची. त्या बाईने काय कालवलं त्यात, ते तिचं तिला माहीत." तिचा आवाज एकदम बसला. "शाळेतून आले की हीच मला भरवायची, आई कामावर असायची. माझे केस हिनेच विंचरले. आणि माझ्याच आईला... मला झोप येत नाही हो. डोळे मिटले की छातीत ढोल वाजतो."

"हे कधीपासून?"

"आई गेल्यापासून. म्हणजे त्याच्या आधीही थोडं होतंच. कामाचा ताण."

बाईंनी पाणी मागितलं. मुलगी उठली तशा त्याही उठल्या आणि तिच्यामागोमाग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. ओट्यावर भांडी निथळत होती. दोन ताटल्या, एक पेला, एक सुरी.

आणि एक काळा, लांब दांड्याचा प्लास्टिकचा चमचा.

५

त्या रात्री बाई न जेवताच विचार करत बसल्या. त्यांच्या यजमानांनी विचारलं, "काय गं, झालं काय?" बाईंनी उलट विचारलं, "तुम्ही ती मित्राने दिलेली ताकदीची गोळी अजून घेता?" यजमान म्हणाले, "ते औषध थोडंच आहे? पाल्याचं आहे ते." बाईंनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की यजमान आपणहून उठले आणि त्यांनी बाटली कपाटातून आणून टेबलावर ठेवली.

औषध थोडंच आहे. तेच तर. तसले काळे चमचे ताकदीच्या पावडरीच्या डब्यांतून येतात, आणि व्यायामशाळेत असे डबे सर्रास खपतात. मुलीला सगळ्यांनी औषधाचं विचारलं, विषाचं विचारलं, बरणीचं विचारलं. तिने सगळ्याची खरी उत्तरं दिली होती.

पण मग एकाच बरणीतून सात जणी वाचल्या आणि आठवी का गेली? हा काटा काही निघेना.

सकाळी त्या पुन्हा कारखान्यात गेल्या. नाचरं टेबल चालूच होतं. पान्याने त्यांना स्टूल दिलं.

"हे करतं काय नेमकं?" बाईंनी विचारलं. "मला तर सगळे दाणे सारखेच दिसतात."

"डोळ्याला सारखेच," पाना म्हणाला. यंत्राचं बोलायचं म्हटलं की त्याची जीभ सैल व्हायची. "पण कुठला आतून पोकळ असतो, कुठला भरीव. पोकळ हवेवर तरंगतो आणि उताराला घरंगळतो. भरीव खाली टेकून राहतो. हलवत राहिलं की आपोआप वेगळं होतं. हलकं एकीकडे, जड एकीकडे."

बाई टेबलाकडे बघत होत्या. मग त्यांची नजर त्या सांगाड्यावरून वर, फळीपर्यंत गेली. फळीवरचं वर्तुळ थरथरत होतं.

"बरणी इथे किती दिवस होती?"

"चार आठवडे."

"रोज किती तास?"

"टेबल चालू तेवढे. हंगामात बारा." पान्याने फळीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मीच जोडली ही फळी," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत होतं, पावडरीत दोन जिनसा आहेत म्हणून? बसा."

अर्ध्या तासात बाईंनी मुलीकडून ती घेते त्या पावडरीचा एक नवा डबा मागून आणला. कशाला हवाय, हे तिने विचारलं नाही. तिच्या लेखी तो चहाच्या डब्यासारखाच एक डबा होता. बाईंनी तो तिच्यासमोर मोहोरबंद केला, कारखान्यात उघडला आणि काचेच्या बरणीत ओतला. एकसारखी हिरवट पावडर. बरणी फळीवर ठेवली आणि टेबल संध्याकाळपर्यंत चालू ठेवायला सांगितलं. घाईसाहेब काम वाढेल म्हणून काही बोलणार होता, पण बाईंचा चेहरा बघून गेला.

पाच वाजता टेबल थांबलं. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बायका आपापल्या जागेवरून उठून जवळ आल्या. वरचा थर भुसभुशीत, हिरवागार. खाली येता येता रंग विटत गेलेला. आणि अगदी तळाशी, काचेला बिलगून, बोटाच्या पेरभर पांढुरकी बारीक भुकटी.

आयुष्यभर हलवून हलवून हलकं-जड वेगळं करणाऱ्या आठ बायकांनी आपली बरणी त्याच टेबलावर ठेवली होती, आणि एकीच्याही मनात आलं नव्हतं. चष्मेवालीने तोंडाला पदर लावला.

"म्हणजे आम्ही वरून वरून खात होतो," ती म्हणाली. "आणि त्या..."

"आधी पाला, मग कडू, मग उलट्या," बाई म्हणाल्या. "अंगात मुरत नव्हतं गं काही. तुम्ही रोज थोड्या थोड्या तळाकडे जात होतात. शेवटच्या दिवशी उरला तो तळ. तो एकीने पाण्याने विसळून प्यायला, आणि तिला आधीच रक्तदाब होता."

आता एकच गोष्ट उरली होती, आणि बाईंना ती करायची अजिबात इच्छा नव्हती.

६

धाकटीने दार उघडलं. बाईंनी आत येऊन स्वतःच स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, नाचऱ्या टेबलापासून तळापर्यंत. धाकटी भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"तू काही केलं नाहीस हे सिद्ध होतंय," बाई म्हणाल्या. "तुला कुणी नेणार नाही."

धाकटीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ती मटकन खाली बसली.

"पावडर कुठून आली, ते लिहावं लागेल का हो?"

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"डॉक्टर म्हणाले, काही घेतलं होतं का, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते डबे आले. रिकामे डबे इथेच पडले होते, ताईंनी ते ओतून बरणी भरून नेली होती. पोरीनेच आणून दिले होते. आई थकते म्हणून." धाकटी उठली, पेटी उघडली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काचेची बरणी काढून बाईंच्या मांडीवर ठेवली. झाकण हिरवं. "फोडायला हात होईना. त्यांनी शेवटचं हातात धरलेलं भांडं ते. बाई, मी सांगते मीच कालवलं म्हणून. तुम्ही तसंच लिहा. आई आपल्या हातून गेली हे कळलं तर ती पोर जगायची नाही."

बाईंना गलबलून आलं. त्यांनी ते लपवलं नाही. धाकटीचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी लिहिलं असतं गं कदाचित," त्या म्हणाल्या. "देवाशपथ, लिहिलं असतं. पण हे डबे तिने एकट्या आईलाच दिलेत का? पाल्याने नुसतं काही होत नाही, म्हणून कुणीतरी त्यात ही भुकटी मिसळतोय. त्या पाल्यातही हृदयाला पळवणारं असतंच, वर हे. कुणाच्या गाडीत डबा हादरत असेल, कुणाच्या घरी तळ उरला असेल. किती जणांकडे आहेत ते एका तिलाच माहीत. आणि ती स्वतः रोज घेते. गुडघा बघ तिचा. तिचाही डबा कधीतरी संपेलच ना?"

धाकटीने डोळे मिटले. मग ती उठली, मधल्या दाराशी गेली आणि तिने दार वाजवलं.

"बाळा, कडी काढ," ती म्हणाली. "मी सांगते काय झालं ते."

सांगितलं धाकटीनेच. बाई फक्त कारखान्यातून आणलेली ती थरांची बरणी टेबलावर ठेवून बाजूला बसल्या. मुलगी मध्ये एकदा म्हणाली, "खोटं. ते पाल्याचं आहे," आणि मग तिने तो तळ पाहिला. तिचा गुडघा हलायचा थांबला. ती रडली नाही. रडण्याच्या पलीकडे काहीतरी झालं आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसायला लागला.

"तुला माहीत होतं," ती काकूला म्हणाली.

"हो."

"मी तुला काय काय बोलले. भर चौकात बोलले."

"बोललीस."

"मग गप्प का बसलीस?"

"तुला राग करायला कुणीतरी हवं होतं," धाकटी म्हणाली. "माझा केलास तर चालणार होतं. स्वतःचा करू लागली असतीस तर मी कुणाकडे गेले असते?"

मुलीने आपला डबा कपाटातून काढून बाईंच्या पिशवीत टाकला आणि फोन उघडला. डबे घेतलेल्यांची यादी त्यात होती. एक्केचाळीस नावं. विक्रेत्याचा पत्ताही होता, तो बाईंनी उतरवून घेतला. खात्याची नोटीस निघेल, पण तिला वेळ लागेल, हे त्यांनी सांगितलं.

मुलीने पहिला नंबर लावला.

"मी बोलतेय. मी दिलेला तो डबा उघडू नका. माझी आई त्याने गेली."

पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं, फोन ठेवला आणि दुसरा लावला. पुन्हा तेच वाक्य. तिसरा. चौथा. एक जण म्हणाला, अहो पण मला तर काही झालं नाही. त्याला तिने तळाचं समजावून सांगितलं. बाराव्याला तिचा आवाज चिरकला. धाकटीने पेलाभर पाणी तिच्यापुढे सरकवलं आणि फोन आपल्याकडे घेतला.

"मी तिची काकू," ती म्हणाली. "तो डबा उघडू नका. माझी जाऊ त्याने गेली."

मुलीने पेला उचलला आणि घटाघट पाणी प्यायली. आपण कुणाच्या हातचं पीत आहोत हे तिच्या लक्षातही आलं नाही. धाकटीच्या मात्र आलं. ती बोलता बोलता एक शब्द विसरली आणि तिला वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

चाळीस झाले. एक्केचाळिसावा फोन काही कुणी उचलेना. तीनदा लावला. तो एका बसचालकाचा होता. त्याचा डबा महिन्यापूर्वी दिलेला, गाडीतच ठेवायचा तो.

"संपत आला असेल," मुलगी म्हणाली. ती उभी राहिली, दाराशी गेली, घुटमळली. "त्याचं घर आगाराच्या मागे आहे. काकू, तू येतेस?"

"चपला घालू दे," धाकटी म्हणाली.